समुद्री गोगलगायी: घाटावरच्या स्वयंपाकघरासाठी

कोल्हापुरात मटणाचं दुकान गल्लीगल्लीत आहे, समुद्र मात्र घाटाखाली. सुरमई, बांगडा बर्फात घालून आला तरी चालतो. शंखातली गोगलगाय तशी चालत नाही. ती पातेल्यात पडेपर्यंत जिवंत असावी लागते. इथल्या बहुतेक सूचना या एका अटीतूनच निघालेल्या आहेत. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कांदा-लसूण मसाल्याचे दोन चमचे पडले की शिळ्या मांसाचा वासही दबून जातो. वास दबला म्हणून पोटातला बिघाड टळत नाही. म्हणून परीक्षा बाजारात एकदा आणि उकडण्याआधी पुन्हा एकदा करायची. कढईत तिला वाव नसतो.

आधी ओळख

खाण्याच्या बाजारात ‘व्हेल्क’ या नावाखाली बऱ्याच कुळांतल्या गोगलगायी विकल्या जातात. युरोपातली मुख्य जात म्हणजे उत्तर अटलांटिकमधली बक्सिनम अंडेटम. थंड पाण्यात राहणारी, ८ ते १० सेंटीमीटरपर्यंत वाढणारी. ब्रिटनमध्ये ती उकडून व्हिनेगर आणि मिरपुडीबरोबर खातात, फ्रान्समध्ये मेयोनेझबरोबर. तिकडे पकडलेला बराचसा माल डबाबंद होऊन किंवा गोठवून दक्षिण कोरियात जातो. ही जात आपल्या समुद्रात नाही. भारतात खाण्यासाठी आणि निर्यातीसाठी जास्त चालते ती बॅबिलोनिया: गुळगुळीत मलईरंगी कवच, त्यावर तपकिरी ठिपके, लांबी साधारण ४ ते ६ सेंटीमीटर. केरळ आणि तमिळनाडूत ती ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर येते. कोकण किनाऱ्यावर रापानासारख्या जाड, फुगीर, खरबरीत कवचाच्या जाती सापडतात.

यातल्या बहुतेक मांसाहारी आहेत. कवचाच्या तोंडाशी खालच्या बाजूला एक खाच किंवा पन्हळ असते. त्यातून गोगलगाय नळी बाहेर काढते, पाणी आत ओढते आणि मेलेल्या खेकड्या-माशाचा वास हुंगत जाते. अटलांटिकमधले मच्छीमार याच सवयीचा फायदा घेतात. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिंपात तळाला सिमेंट ओतून वजन करतात, आत खेकड्याचे नाहीतर माशाचे तुकडे ठेवून ते समुद्रतळाशी सोडतात. रापानाच्या कुळातल्या अनेक गोगलगायी शिंपल्याला थेट भोक पाडतात. मालवण किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत शिंपलीवर सुईने पाडल्यासारखं गोल, नीटस भोक दिसलं, तर ते बहुधा अशाच एखाद्या गोगलगायीचं काम.

मांसाहाराचा आपल्या ताटाशी संबंध आहे. शिकारीच्या अंगातलं जे काही असेल ते, कॅडमियमसारखे जड धातूसुद्धा, गोगलगायीच्या पचनग्रंथीत साठतं. शंखाच्या टोकाकडचा तपकिरी-हिरवा, मऊ, वेटोळा भाग म्हणजे ती ग्रंथी. काहीजण ती चवीने खातात. आमचं मत: काढून टाका. कडवट लागते आणि रश्शाचा रंगही मातकट करते.

काय घ्यायचं नाही

बाजारात नावांचा भरवसा धरू नका. एकाच ढिगाला कुणी शंख म्हणेल, कुणी गोगलगाय. आकार आणि तोंड बघून घ्या.

शंकूसारखं कवच, वर रुंद सपाट माथा, खाली निमुळतं, आणि तोंड म्हणजे लांबट अरुंद फट, असं काही दिसलं तर हात लावू नका. ही कोनस कुळातली गोगलगाय. तिच्याकडे विषारी दात असतो, तो ती भाल्यासारखा मारते. काही जातींच्या दंशाने माणसं दगावली आहेत. किनाऱ्यावर पोरंटोरं रंगीत शंख उचलून खिशात टाकतात, त्यांना ही गोष्ट आधी सांगा.

दुसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली काही समुद्री शंखांना संरक्षण आहे. त्यात ट्रायटनचा मोठा शंख येतो, हॉर्स काँच येतो, कवचाला बोटांसारखे काटे असलेले लँबिस गटातले शंखही येतात. खाण्यासाठी काय किंवा शोकेससाठी काय, ते घेऊ नयेत.

तिसरी चूक इथलीच. रंकाळ्याच्या काठावरची, पंचगंगेतली किंवा उसाच्या बांधावरची गोगलगाय ही समुद्री गोगलगायीची स्वस्त आवृत्ती नव्हे. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींत परजीवी कृमींच्या अवस्था वाढतात. आफ्रिकन मोठी गोगलगाय तर उंदरांच्या फुफ्फुसातल्या कृमीची वाहक म्हणून ओळखली जाते, आणि तो कृमी माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. ती कच्ची हाताळणंसुद्धा टाळावं.

गोठवलेलं परदेशी मांस मिळालं तर पाकिटावर जात वाचा. नेप्च्युनिया या थंड पाण्यातल्या जातींच्या लाळग्रंथीत टेट्रामाइन नावाचं विष असतं. ते उकळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात डोकं दुखतं, गरगरतं, दोन-दोन दिसायला लागतं. सहसा दिवसभरात उतरतं. अशा मांसाचा तुकडा उभा चिरला की डोक्याकडच्या भागात दोन फिकट पिवळट गोळे दिसतात, तेच काढायचे असतात. जात लिहिलेलीच नसेल तर पाकीट परत ठेवा.

खरेदी आणि घाट

ट्रॉलर १ जून ते ३१ जुलै बंदीमुळे उभे असतात. पावसाळ्यात ‘आजच आलंय’ असं कुणी म्हणालं तर आधी कुठून आलं ते विचारा. हंगामातही कोल्हापुरात हा माल सांगून ठेवल्याशिवाय क्वचितच मिळतो. ओळखीच्या मासेवालीला दोन दिवस आधी सांगा, किंवा रत्नागिरी-मालवणकडे जाणाऱ्या माणसाला सांगा.

निवडताना एकच विनंती: “मावशी, एक उलटी करून दाखवा की.” तोंडावरचं शिंगासारखं कडक झाकण किंवा पाय बोटाने दाबायचा. जिवंत गोगलगाय आत सरकते, झाकण घट्ट होतं. बर्फाजवळ ठेवलेली असेल तर ती सुस्त असते, तिला सावलीत पंधरा-वीस मिनिटं द्या आणि पुन्हा दाबा. पाय बाहेर लोंबतोय, दाबला तरी हलत नाही, झाकण खोल आत जाऊन तोंड रिकामं दिसतंय, हातात हलकी लागतेय, तर ती मेलेली. वास समुद्राचा, किंचित खारट हवा. अमोनियाचा, म्हणजे मुतारीसारखा भपकारा आला तर ढीगच सोडा. एक कुजलेली गोगलगाय पिशवीतल्या सगळ्यांना वास लावते.

रत्नागिरीहून आंबा घाटाने किंवा मालवणहून फोंडा घाटाने येताना तीन-चार तास जातात, वाटेत घाटात ट्रक आडवा झाला तर जास्त. एवढा वेळ त्या तगतात, पण तीन गोष्टी त्यांना मारतात: गोडं पाणी, बंद प्लास्टिक पिशवी आणि बर्फाचा थेट स्पर्श. शेवटच्या दोन्ही चुका लोक काळजीपोटीच करतात. बर्फ वितळला की गोडं पाणी होतं. ते अंगात शिरून पेशी फुगतात आणि जनावर मरतं. थर्माकोलच्या डब्यात तळाला बर्फाची घट्ट बांधलेली पिशवी, त्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट, मग गोगलगायी, वर पुन्हा गोणपाट. झाकण थोडं उघडं. घरी आल्यावर तसंच गोणपाटात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि २४ तासांच्या आत उकडा.

किती आणायच्या? कवचासकट १ किलोत खाण्याजोगं मांस पाव किलोच्या आसपास निघतं, जास्तीत जास्त तीनशे ग्रॅम. चार माणसांच्या सुक्क्याला दीड किलो सांगा.

धुणं आणि वाळू काढणं

१. कवचं नळाखाली एकेक धरून ताठ ब्रशने घासा. खरबरीत कवचाच्या खाचांत चिखल असतो, तो इथे निघाला नाही तर उकळताना सगळा पातेल्यात उतरतो.

२. पसरट परातीत खारं पाणी करा: १ लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे दोन सपाट टेबलस्पून मीठ. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी वापरा. पाणी गोगलगायी जेमतेम बुडतील एवढंच. खोल भांड्यात प्राणवायू कमी पडतो.

३. दोन ते तीन तास ठेवा, मध्ये दोनदा पाणी बदला. वर जाळी ठेवा, नाहीतर सकाळी ओट्याखाली शोधत बसावं लागेल. पाण्यात हळद, पीठ काही घालायचं नाही.

४. बाहेर काढताना पुन्हा प्रत्येकीचं झाकण दाबून बघा. हलली नाही ती फेकून द्या. महाग होती म्हणून ठेवू नका.

५. चिकट बुळबुळीत स्राव बराच असेल तर मूठभर खडे मीठ टाकून दोन मिनिटं चोळा आणि ताबडतोब तीन पाण्यांनी धुवा. या टप्प्यावर गोडं पाणी चालतं, कारण त्या लगेच पातेल्यात जायच्या आहेत.

उकडणं

इथेच जास्त चुका होतात. उकळत्या पाण्यात गोगलगाय टाकली की ती घाबरून शंखाच्या टोकापर्यंत आकसते, स्नायू तिथेच आवळतो आणि नंतर दाभणाने कितीही ओढलं तरी मांस अर्ध्यात तुटतं. म्हणून सुरुवात गार पाण्याने करायची.

दीड किलोला साधारण साडेतीन लिटर पाणी, अडीच टेबलस्पून खडे मीठ, दोन तमालपत्रं, आठ-दहा मिरे, ठेचलेलं आलं बोटभर, लसणाच्या सहा पाकळ्या. मीठ मुद्दाम समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी आहे, कारण हेच पाणी पुढे रश्शात जाणार आहे. गॅस मध्यम. वर करडा फेस येईल, तो पळीने काढत राहा. नाही काढला तर सगळ्या मांसाला त्याचा वास लागतो. उकळी फुटली की आच कमी करा आणि तिथून वेळ मोजा:

लहान, ३ ते ५ सेंटीमीटर: ८ ते १० मिनिटं.
मध्यम, ५ ते ७ सेंटीमीटर: १२ ते १५ मिनिटं.
मोठ्या, ८ सेंटीमीटरच्या पुढे: २० ते २५ मिनिटं.

पाणी खळखळ उकळायला नको, नुसतं थरथरत राहायला हवं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असल्याने पाणी इथे ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. त्याने वेळेत फारसा फरक पडत नाही, एखादं मिनिट जास्त धरा. गॅस बंद केल्यावर त्याच पाण्यात पंधरा मिनिटं राहू द्या. गरमागरम उपसलेलं मांस हवेत घट्ट होतं, पाण्यात निवलेलं मऊ राहतं. कुकरचा मोह टाळा. मटणाच्या सवयीने दोन-तीन शिट्ट्या दिल्या तर लहान गोगलगायी रबरासारख्या होतात, आणि मटणासारखं पुढे शिजवून त्या पुन्हा मऊ होतील या आशेत गॅस फुकट जातो.

पाणी फेकू नका. वरचं निथळून मलमलच्या कापडातून गाळा, तळातलं वाटीभर गाळासकट टाकून द्या.

मांस काढणं

हत्यार म्हणजे पोती शिवायचं दाभण, किंवा क्रोशाची जाड सुई. टूथपिक मोडते.

गोगलगाय डाव्या हातात तोंड वर करून धरा. दाभण झाकणाच्या मागे, मांसल पायात खुपसा. आता सरळ ओढायचं नाही. दाभण स्थिर धरून शंखच हळूहळू फिरवायचा, स्क्रू उलगडावा तसा. मांस वेटोळं घेत बाहेर येतं आणि शेवटी मऊ तपकिरी टोकही सुटतं. ते आत तुटून राहिलं तर काळजी नाही, तसंही टाकायचंच होतं.

आता चार गोष्टी काढा. कडक झाकण नखाने सुटतं. चुकून राहिलं तर जेवताना दाताखाली खट्ट वाजतं. मग टोकाकडची पचनग्रंथी सुरीने कापून टाका. पुढचा भाग उभा चिरून आतली नळी आणि फिकट ग्रंथी खरवडा. पायाच्या कडेचा काळपट पातळ पापुद्रा चोळून काढा. राहिलेला मांसल पाय गार पाण्यात एकदा धुऊन, पुसून घ्या.

रापानासारख्या जाती साफ करताना एक गोष्ट पाहून दचकायला होतं. मांसाच्या वरच्या पापुद्र्यावर एक पिवळट पट्टा असतो. त्यातला द्रव बोटाला लागला आणि उजेडात राहिला की आधी हिरवट होतो, मग जांभळा, आणि साबणाने लवकर जात नाही. भूमध्य समुद्राकाठी याच कुळातल्या गोगलगायींपासून राजेलोकांच्या वस्त्रांचा जांभळा रंग काढत असत. मांस खराब झालेलं नाही. पट्टा खरवडा, धुवा, पांढरा ओटा असेल तर खाली कागद घाला.

मसाल्याकडे वळण्याआधी एक तुकडा नुसता खाऊन बघा, लिंबू आणि किंचित मीठ लावून. गोडसर, खारट, चावायला दमदार पण तुटणारा लागला पाहिजे. कडू लागला तर ग्रंथी नीट निघालेली नाही. कचकच आली तर पुन्हा धुवा. वास खटकला तर सगळंच टाका. नंतर तांबड्या रंगात काहीच कळणार नाही.

सुक्कं, कोल्हापुरी पद्धतीने

साधारण ३५० ग्रॅम साफ मांसाला: दोन मध्यम कांदे बारीक चिरून, तेल ३ टेबलस्पून, आलं-लसूण वाटण १ टेबलस्पून, हळद पाव चमचा, कांदा-लसूण मसाला दीड टेबलस्पून, आमसुलं ३-४. वाटणाला अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, १ चमचा तीळ, अर्धा चमचा खसखस वेगवेगळं भाजून, मूठभर कोथिंबिरीबरोबर वाटून.

मांस आडव्या ३-४ मिलीमीटर चकत्यांत कापा. अख्खे तुकडे दिसायला छान, पण मसाला आत जात नाही आणि चावताना जबडा दुखतो.

कांदा तेलात तांबूस करा, आठ-दहा मिनिटं. आलं-लसूण मिनिटभर. आच बारीक करून हळद, मसाला आणि लगेच दोन चमचे पाणी, नाहीतर मसाला करपून कडू होतो आणि दोष गोगलगायीवर जातो. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. अर्धी वाटी गाळलेलं उकडीचं पाणी आणि आमसुलं घालून तीन मिनिटं उकळा. शेवटी चकत्या, आणि तीन ते चार मिनिटांत गॅस बंद. मांस आधीच शिजलेलं आहे, इथे फक्त मसाला माखायचा. मीठ अगदी शेवटी चाखून घाला: मसाल्यात मीठ असतं, उकडीच्या पाण्यातही असतं.

तांबड्या रश्शाला हेच पाणी मटणाच्या आळणीसारखं वापरा, पण अर्धं हे आणि अर्धं साधं पाणी, नाहीतर खारट होतो. चकत्या वाढतानाच वाटीत टाका. पांढऱ्या रश्शाच्या भानगडीत पडू नये असं आमचं मत आहे. नारळाच्या दुधात समुद्राचा वास उघडा पडतो आणि ग्रंथीचा एखादा कण राहिला तरी रंग हिरवट येतो. त्यापेक्षा कोरियात करतात तसं गार खाणं जास्त जमतं: चकत्या, उभा चिरलेला कांदा, काकडी, लाल तिखट, व्हिनेगर, चिमूट साखर. फोडणी नको. उन्हाळ्यात भाकरीबरोबर हे सुक्क्यापेक्षा वरचढ ठरतं.

कुणी खाऊ नये, उरलं तर काय

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी गोगलगायही टाळावी. घरातल्या धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी आणि दमा असलेल्यांनाही गोगलगायीने जोराचा त्रास होऊ शकतो, कारण दोन्हींत एकमेकांशी मिळतीजुळती प्रथिनं असतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन तुकडे खाऊन अर्धा तास थांबावं. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

उकडलेलं, साफ केलेलं मांस फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं. उकडीच्या थोड्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडं पडलं तर चामट होतं. गोठवायचं असेल तर चकत्या न करता, त्याच पाण्यासकट डब्यात भरून महिन्याभरात वापरा, आणि आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून सावकाश वितळू द्या. मसाला घातलेलं सुक्कं पुन्हा गरम करताना झाकण ठेवून, चमचाभर पाणी शिंपडून, वाफ येईपर्यंत, आणि एकदाच.

कवचं ओल्या कचऱ्यात टाकू नका, दुसऱ्या दिवशी मजल्यावर वास सुटतो. मीठ-पाण्यात दहा मिनिटं उकळून, आतलं टोक दाभणाने उकरून, गच्चीवर चार दिवस कडक उन्हात वाळवा, मग कुंडीत मातीखाली घाला.